सात नावं, एक हाक

७ एप्रिल

ही वही रिम्मा पावलोव्हनांच्या धाकानं. "पोरगा आज काय बोलला, कुठं अडला, ते घरी गेल्यावर लिहीत जा," म्हणाल्या. "नाहीतर महिन्यानं येशील आणि नाक मुरडून म्हणशील, काही फरक नाही." मी कशाला नाक मुरडू? आमच्या घरात नाकाला आधीच काम जास्त आहे. मिरासचं सगळं बोलणं तिथूनच चालतं.

मिरास सहा वर्षांचा. जन्मला तेव्हा वरचा ओठ दुभंगलेला आणि टाळू उघडी. ओठ तान्हेपणी शिवला, टाळू दोन वर्षांचा झाल्यावर, अल्माटीला नेऊन. डॉक्टर म्हणाले, "आता बोलेल." बोलायला लागला, पण प म्हणायला जातो तर म निघतो, ब म्हणायला जातो तरी मच, आणि त-दचा न होतो. आमच्यात आईला 'आपा' म्हणतात. माझा मुलगा मला 'आमा' म्हणतो. सहा वर्षं तेच ऐकतेय.

रिम्माबाई पूर्वी शहरातल्या इस्पितळात अशाच मुलांना बोलायला शिकवायच्या. निवृत्त होऊन त्या आमच्या गावात बहिणीकडे आल्या, हे मला दानियारनं सांगितलं. दानियार म्हणजे माझा नवरा. तिकडे पश्चिमेला तेलाच्या विहिरीवर पाळीनं कामाला असतो, पण तिथून फोन करून म्हणाला, "नवरोझला अतांशी बोललो. पोराच्या बोलण्याचं आता काहीतरी करूच. काय लागेल ते कर. ऑगस्टात तिलाशार आहे." (अता म्हणजे माझे सासरे, नवरोझ म्हणजे मार्चातला नव्या वर्षाचा सण.) एरवी "बरी आहेस ना, जेवलीस ना" याच्यापुढे गाडी जात नाही. बापाला उशिरा का होईना, पाझर फुटला म्हणायचा.

तिलाशार म्हणजे पोर शाळेत जायच्या आधीचा समारंभ. पोरानं चार वडीलधाऱ्यांसमोर उभं राहून सात पिढ्यांची नावं घ्यायची, आधी बापाचं, मग आजोबांचं, मग त्यांच्या बापाचं, असं सातव्यापर्यंत. ज्याला सात नावं येत नाहीत ते पोर अनाथ, असं म्हणतात. मिरासला पहिलं नावही धड येत नाही. दानियारचं 'नानियार' होतं.

१५ एप्रिल

आज थंड आरसा नाकाखाली धरला आणि 'पा' म्हणायला लावलं. आरशावर धुकं. म्हणजे हवा तोंडातून न जाता नाकाकडे पळाली. मग नाक चिमटीत धरून 'पा', मग चिमूट सोडून 'पा'. नंतर हाताची पालथी बाजू ओठांसमोर धरायची. पऽ म्हटल्यावर हाताला फुंक लागली पाहिजे. आधी मी म्हणायचं, मग त्यानं.

मी घरून कापसाचे बोळे घेऊन गेले होते, फुंकून उडवायला. बाई म्हणाल्या, "खेळ हवा तर खेळू दे. पण फुंकण्यानं पोराला फुंकायला येतं. बोलायला बोलावंच लागतं."

परत येताना मिरास माझ्या हातावर 'मा, मा' करत होता. थुंकीनं हात ओला, फुंक काही नाही. बसमधली एक बाई ओठावरचा व्रण बघत बसली. मी म्हटलं, "काय बघताय? मांजर चावलं." ती खिडकीकडे वळली.

२६ एप्रिल

एक गोष्ट लिहून टाकते. कुणाला सांगायची नाही म्हणून इथं.

आमच्यात पहिला नातू आजी-आजोबा पोटाशी घेतात. मग तो त्यांचा मुलगा. त्यांनाच आई-बाप म्हणतो, आणि जन्म देणारीला नावानं हाक मारतो. दानियार स्वतः आजोबांकडे वाढला. लग्न ठरलं तेव्हाच मला माहीत होतं की पहिला मुलगा झाला तर तो माझा राहणार नाही.

मग मिरास झाला. अता त्यांच्या औलमधून, म्हणजे खेड्यातून, नवी दुलई घेऊन आले. पोराच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं, बघितलं, आणि हळूच परत झाकलं. "सध्या आईपाशी राहू दे," म्हणाले. दुलई ठेवून गेले. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. मी रडले, लोकांनी समजूत घातली. पण खरं सांगू? आतून मी देवाचे आभार मानले. त्या फाटक्या ओठानं माझं पोर मला मिळालं. त्याच्या पाठीवर दुसरं झालं नाही, तरी कधी तक्रार केली नाही.

कसली आई मी, पोराच्या व्यंगावर खूश होणारी. असो.

१२ मे

आज फुंक लागली! नाक न धरता, 'पू'. माझ्या हाताच्या केसांना कळलं. मी ओरडले तर मिरास दचकून रडायलाच लागला. रिम्माबाईंनी त्याला साखरेचा खडा दिला आणि मला डोळे वटारले. "बाई, तू त्याला बक्षीस देतेस की हार्ट अटॅक?"

शिवणशाळेत सगळ्यांना सांगितलं. आम्ही शाळेचे गणवेश शिवतो. शेजारच्या मशीनवरची गुलसिम म्हणाली, "सात नावं कुठली आहेत?" आता मी सून. सासऱ्यांचं आणि त्यांच्या वरच्यांचं नाव मी कशी घेणार? ती माझ्या सासरच्याच औलमधली, तिला ठाऊक होती, तिनंच बोटांवर मोजली, आणि कपाळाला हात लावला. "अगं, तुझ्या सासरचे पूर्वज काय नेमके प नि ब नि त नि दचेच निघाले! एखादा मुरात, एखादा मान्सूर असता तर पोरगं आजच पास झालं असतं!" हसून हसून माझी सुई तुटली.

३० मे

रिम्माबाईंशी वाजलं. त्या म्हणाल्या, आता तीच सात नावं सरावाला घेऊ, सगळे अवघड आवाज त्यात आहेत, घरी रोज तू आधी म्हण, मग तो. मी म्हटलं, पहिलं म्हणेन, बाकीची मला घेता येत नाहीत.

"म्हणजे? जीभ तुझी तर धड आहे ना?"

"सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मोठ्या दिरांचं, त्यांच्या पूर्वजांचंही नाही."

"मी बाहेर काढते पोराचा आवाज नाकातून, आणि तू तुझा दाबतेस घशात!" बाई लालबुंद झाल्या. इथं जन्म गेला त्यांचा, त्यांना का माहीत नाही? पण रशियन बाई ती, कधी कधी मुद्दाम विसरते.

मी तरी काय करू? अकरा वर्षांत घेतलं नाही. ह्या वहीतही लिहवत नाही. शेवटी अजेला, म्हणजे सासूबाईंना, फोन केला. त्यांचीही तीच अडचण. मग अताच म्हणाले, "दर शुक्रवारी पोराला न्यायला येतो. नावं मी शिकवीन." औल इथून तासाभराच्या वाटेवर. सहा वर्षांत अतांनी आपणहून पोराला बोलावलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि भाताचं पातेलं करपलं तरी तिथंच उभी होते.

१७ जून

दर शुक्रवारी अतांची जुनी निवा गाडी दाराशी येते. मिरास आधी मला बिलगायचा, आता पळत जाऊन पुढच्या सीटवर बसतो. रविवारी परत येतो तो घोड्याचा वास घेऊन आणि खिशात कुर्त घेऊन. खारट ताकाचे ते वाळके गोळे खाऊन जीभ सालटून गेली तरी सोडत नाही. अजे त्याला आपल्याच खोलीत निजवतात. मऊ लोकरीची गादी केली म्हणे त्याच्यासाठी.

आज रिम्माबाई म्हणाल्या, "तुझी सासू आली होती बाजाराच्या दिवशी. सगळे व्यायाम विचारून गेली. आरसा कसा धरायचा, हात कसा. अजून किती दिवस लागतील तेही विचारलं."

मला भरून आलं. ज्या बाईनं पोराच्या ओठाकडे बघून 'अरेरे' म्हणण्यापलीकडे कधी काही केलं नाही, ती म्हातारी बसचे धक्के खात येऊन हे शिकून गेली! पोरानं माणसं जोडली म्हणायची. येत्या शुक्रवारी तिच्यासाठी चहाची मोठी पुडी पाठवणार आहे.

२ जुलै

सुट्टी काढून मीही औलला आले. शनिवारी अंगणात धुणं वाळत घालत होते, तिकडे पडवीत मिरास अतांसमोर ताठ उभा. बोटांवर मोजत नावं म्हणत होता. अतांचं नाव किती स्वच्छ घेतलं! दोन्ही ब दगडासारखे पक्के. माझ्या हातातली ओली चादर खाली पडली.

पण सुरुवातच अतांच्या नावानं केली. मी मिरासला खूण केली, 'आणि अकेचं?' अके म्हणजे बाप. तो म्हणाला, "अना म्हणाले असंच." त अजून घसरतो.

अजेंना विचारलं. म्हणाल्या, "अगं, अवघड आधी घेतायत. दानियार काय, घरचंच नाव. ते कुठं पळून जातंय?" तेही खरं. आणखी एक, शेवटी त्यानं एक नाव जास्तीचं घेतलं, मी कधी न ऐकलेलं. गुलसिमच्या मोजणीत ते नव्हतं. अतांना पूर्वजांचा अभिमान, एखादा वरचा जोडला असेल. जेवढी नावं तेवढा सराव.

२० जुलै

'दानियार' आलं! नानियार नाही, दानियार. मीच शिकवलं, आमच्या स्वयंपाकघरात. फोनवर बापाला ऐकवलं. मग म्हणाला, "छान. फारच छान." आवाज बसलेला होता. म्हटलं, रडताय की काय? म्हणाला, धूळ आहे इथं.

फक्त 'आपा' मात्र येत नाही. प वेगळा येतो, शब्दात येतो, 'पिश्शीक' म्हणजे मांजर, ते सुद्धा छान म्हणतो. पण मला हाक मारायची म्हटलं की 'आमा'. मी हात धरते, म्हणते, "फुंक दे. आऽ-पा." तो माझ्याकडे बघून हसतो. "आमा." रिम्माबाई म्हणाल्या, सगळ्यात जुना शब्द सगळ्यात शेवटी सुधारतो, तोंडाला सवय झालेली असते. मी म्हटलं, असू दे, तिलाशारपर्यंत येईल.

३ ऑगस्ट

दानियार आला. महिनाभर राहणार. माझ्यासाठी कानातले, सोन्याचे! लग्नानंतर पहिल्यांदा. मी म्हटलं, "काय गुन्हा केलात?" हा माझा थट्टेचा सूर, पण त्याचा चेहरा पडला. थकलाय.

जेवताना म्हणाला, "पुढच्या वर्षी तूही चल तिकडे. कंपनी खोली देते. दोघं राहू."

"दोघं? आणि मिरास?"

"मिरास... मिरास आहेच की," म्हणाला आणि पाव घ्यायला उठला. पाव समोरच होता.

मिरास बापाच्या मांडीवर चढून सांगत होता की अता त्याला बकऱ्याच्या पायाचं मोठं हाड देणार आहेत, ढोपरासकट. दानियारनं त्याला हळूच खाली उतरवलं. मी म्हटलं, दिलं तर दिलं, त्यातली हाडकं काढून खेळेल पोर.

१४ ऑगस्ट

शाळेचा कोट मीच शिवला, गडद निळा, आतून अस्तर. मापाला एक बोट सैल. अजेंना दाखवायला नेला तर म्हणाल्या, "आतून लोकर लाव. इकडे वारा फार." मी म्हटलं, "शाळा तर आमच्या दारातच आहे, अजे." त्या म्हणाल्या, "हो हो. तरी पण." म्हातारपण. कोटाबरोबर नेलेलं दप्तर मात्र ठेवून घेतलं, येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवायचं म्हणून.

आज मिरासनं विचारलं, "राउझा म्हणजे तूच ना?" म्हटलं, हो रे सोन्या, आईचं नाव माहीत नाही होय? खूप हसले.

२१ ऑगस्ट

रिम्माबाईंकडचा शेवटचा धडा. आरसा नाकाखाली, सातही नावं, आरसा कोरडा. बाईंनी चष्मा पुसला, दोनदा. मला म्हणाल्या, "पोर शिकलंय तुझ्यामुळे. मी फक्त दाखवलं." मी त्यांना पिठाचे बौरसाक तळून नेले होते, डबाभर. निघताना म्हणाल्या, "ती तुझी सासू मात्र विचित्र. मला म्हणाली, 'माझ्या मुलावरचे उपकार फेडीन.' मी म्हटलं, नातवावरचे. ती म्हणाली, तेच ते."

परवा रविवारी समारंभ. मला सुखानं भूक नाही.

२५ ऑगस्ट

लिहिते. दोन दिवस वही उघडवली नाही.

अंगणात मांडव. आल्यागेल्यांनी भरलेला. मी चहाच्या समोवारपाशी, सुनेची जागा तीच. वाट्या अर्ध्या भरायच्या, पुढे सरकवायच्या, रिकाम्या घ्यायच्या. मिरास निळ्या कोटात मधोमध उभा. अतांचा हात त्याच्या खांद्यावर.

तो म्हणाला, "मी मिरास. माझे वडील बेरदिबेक. त्यांचे वडील कोपबाय..."

काय आवाज! प फुटावा तसा फुटला. एक अक्षर नाकात गेलं नाही. मी किटली धरून रडत होते, आणि माझ्या डोक्यात काही शिरतच नव्हतं. तिसरं नाव, चौथं नाव. सातवं आलं कुदाइबेर, ते जास्तीचं. सात झाली. सातच झाली. तेव्हा कुठे कळलं. पहिला एक गाळला म्हणून शेवटी एक जोडला होता. दानियार नव्हताच त्यात. माझ्या मुलाचा बाप माझा सासरा झाला होता.

अतांनी ताटातून ते हाड उचललं, ढोपरासकट, आणि सगळ्यांसमोर पोराच्या मुठीत दिलं. मग मला आठवलं. दत्तक घेताना देतात ते. हाड साक्षी राहतं. "मंडळी," अता म्हणाले, "आज माझ्या घरात धाकटा मुलगा आला. म्हाताऱ्याचं रिकामं घर भरलं." लोक आनंदानं ओरडले. पोरावरून मिठाया उधळल्या. पोरं तुटून पडली.

आणि मिरास धावत गेला अजेंकडे, त्यांच्या कुशीत शिरला, आणि म्हणाला, "आपा!"

स्वच्छ. फुंक इथपर्यंत लागली मला. जो शब्द मी पाच महिने हातावर झेलायला बसले होते, तो त्यांच्या पदरात पडला. अजेंनी त्याचं तोंड कुरवाळलं, व्रणावरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जा, राउझाला सांग, पाहुण्यांना चहा ओत."

पोर माझ्यासमोर आलं. हातात हाड. "राउझा," म्हणाला, आणि थांबला. चुकलं की बरोबर, ते बघायला माझ्या तोंडाकडे बघत राहिला, धड्यात बघतो तसं.

मी दानियारला शोधलं. तो मांडवाच्या खांबापाशी उभा राहून जमिनीकडे बघत होता. काही तरी बोलेल, म्हटलं. पाय हलवेल तरी. नाही.

मी किटली खाली ठेवली. मधे गेले, म्हाताऱ्यांच्या पुढे, जिथं सुनेनं जायचं नसतं. मिराससमोर गुडघ्यावर बसले, त्याच्या हातातलं हाड काढून गवतावर ठेवलं, त्याचा हात उचलून पालथा त्याच्या ओठांसमोर धरला.

"म्हण. दानियार."

त्याला काय, सवय. मी म्हणायचं, मग त्यानं. "दानियार," म्हणाला.

"दानियारचे वडील बेरदिबेक."

मागे कुणाची तरी वाटी पडली. बायका 'हाय हाय' करायला लागल्या. अजे ओरडल्या, "निर्लज्ज! नाव घेते! चारचौघांत सासऱ्याचं नाव घेते!"

"बेरदिबेक," माझा मुलगा म्हणाला.

"कोपबाय. तोकताबाय. दोसबोल. पिराली. बेकेत." एकेक मी म्हटलं, एकेक त्यानं. अकरा वर्षं घशात दाबलेली नावं, कुठेच अडली नाहीत. ऐकून ऐकून पाठ होती मला सगळी. "झाली सात," मी म्हटलं. "आता कुणाचा मुलगा तू?"

"दानियारचा," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून रडवेला झाला. "आणि चुकलं का माझं?"

"नाही रे. तुझं काही चुकलं नाही."

दानियारनं मला दंडाला धरून गोठ्यामागे ओढलं. "घराण्याची अब्रू घालवलीस!"

"कधी ठरलं?"

"राउझा..."

"कधी?"

"नवरोझला. अता म्हणाले, पोराची जीभ सुटली की माझ्याकडे आणा. मी नाही कसं म्हणणार? बाप आहे तो माझा. आणि मी नाही का आजोबांकडे वाढलो? मेलो का मी? आपल्याला होतील अजून."

नवरोझला. म्हणजे 'काय लागेल ते कर' म्हणून फोन आला त्याच्या आधी. म्हणजे मी आरसा धरत होते, हात ओला करत होते, पोर एकेक आवाज शिकत होतं, आणि एकेका आवाजानं माझ्यापासून सुटत होतं. ह्यांनी कुणी ताकास तूर लागू दिली नाही. फाटकं होतं तेव्हा माझं, शिवून झालं तेव्हा ह्यांचं. सासूचं एक वेळ समजू शकते, ती परकी. पण हा? माझ्याच हातानं, केसानं गळा कापला माझा, आणि वर सोन्याचे कानातले!

कानातले काढून त्याच्या खिशात टाकले. मिरासला उचललं आणि रस्त्याला लागले. सहा वर्षांचं पोर, जड. निळ्या कोटावर मिठाईचा चुरा. मागून गाडी आली. निवा. मला वाटलं, आता ओढून नेणार. अतांनी काच खाली केली नाही. मागचं दार उघडलं, एवढंच. मी बराच वेळ उभी होते. मग बसले.

गाडीच्या आरशात त्यांचे डोळे ओले दिसत होते, पण मी दया केली नाही, माझ्याकडे उरली नव्हती. दाराशी त्यांनी दप्तर काढून पायरीवर ठेवलं. पाठ करून म्हणाले, "सूनबाई, पोराचे उच्चार चांगले बसवलेस." गेले.

२८ ऑगस्ट

दानियार पाळीवर लवकर निघून गेला. घरी आला नाही, गुलसिमच्या नवऱ्याकडून कपडे मागवले. अजेंनी फोनवर मला नवं नाव दिलं आहे, ते लिहीत नाही. अख्ख्या औलमध्ये मी 'नाव घेणारी' झाले म्हणे. गुलसिम म्हणाली, "आता मीही घेऊन बघू का एकदा? कसं वाटतं?" म्हटलं, "उलटी झाल्यावर कसं वाटतं? तसं." ती हसली, मग माझ्या गळ्यात पडून तीच रडली.

राग जातो का कधी हा? मला नको आहे जायला.

१ सप्टेंबर

आज शाळा. निळा कोट, एक बोट सैल, अस्तर साधंच, लोकर नाही. दारात बाईंनी नाव विचारलं. "मिरास दानियारउली," म्हणाला, म्हणजे दानियारचा मुलगा मिरास, खणखणीत. बाई म्हणाल्या, "शाब्बास, किती स्पष्ट!" ओठावरच्या व्रणाकडे त्यांनी बघितलंही नाही.

वर्गात जायच्या आधी त्यानं मला खाली वाकवलं. काहीतरी विचारायचं होतं. आठवडाभर मला त्यानं कसलीच हाक मारली नव्हती. 'ए' म्हणायचा, किंवा बाही ओढायचा. मी विचारलं नाही. भीती वाटत होती.

"तुला काय म्हणू?" तो म्हणाला.

मी सवयीनं त्याचा हात उचलला, पालथा, ओठांसमोर धरला. "येतं की तुला. आऽ..."

त्यानं हात काढून घेतला.

"आपा ती औलमधली. ती माझ्यासाठी रडत होती फोनवर." मग मान हलवून, जणू मीच मठ्ठ आहे आणि तो मला शिकवतोय, "तू आमा."

मी दुरुस्त केलं नाही.